कानवालं अक्षर

ताई, कोणता कान?

तुझ्या पोरीने, इराने, मला हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते फक्त तुझ्याकडे आहे, म्हणून तुलाच विचारते. तू गेल्यावर आपल्या मंडळातली माणसं म्हणाली, सुमनताई, त्यांच्यावर काहीतरी लिहा, अंकात घालू. त्यांना हवं असेल ते मी लिहिणार नाही. तू कुठे जन्मलीस, तेलाच्या कंपनीत राहून किती दगड तपासलेस, हे ज्याला हवं त्याने दुसरीकडे वाचावं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यात होतं आणि तू उठून चालती झालीस. ही तुझी जुनीच खोड.

त्या दुपारी मी फ्रीवेवर होते, तुझ्याकडेच येत होते. टेक्ससमधल्या शुगर लँडचा घामट उन्हाळा, गाडीचा एसी धापा टाकतोय, पुढे कुठेतरी ॲक्सिडेंट होऊन सगळं ठप्प झालेलं. फोन वाजला, तुझा व्हॉइस मेसेज होता. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि मगच तो ऐकला. 'सुमे, इराला सांग. कानवालं. कानवालंच ठेव म्हणावं.' त्यापुढे मास्कमधला तुझा श्वास, आणि संपलं. मी वर आले तोवर तुला झोपेचं औषध देऊन नळी घातली होती. हात गरम होता तुझा. मी वाकून विचारलं, ताई, कानवालं म्हणजे कोणतं? नर्स म्हणाली, बोला तुम्ही, पेशंटला ऐकू येतं. ऐकू येत असेल, पण मला तुझं ऐकायचं होतं.

तू शेवटी भ्रमात काहीतरी बोललीस असं लोकांना वाटेल. अजिबात नाही. तुझं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, म्हणून तर हा सगळा घोळ झालाय.

इराने केविनशी लग्न ठरवलं तेव्हा तू जाहीर केलंस की मी चायनीज शिकणार. मी म्हटलं, 'ताई, पोरगा टेक्ससमध्ये जन्मलाय. त्याचं इंग्लिश तुझ्यापेक्षा बरं आहे.' तू म्हणालीस, 'त्याच्या बापाशी बोलायला.' बाप तैवानहून आलेला असला तरी सगळा जन्म इथे इंजिनिअरिंग करण्यात गेलेला, त्याचंही इंग्लिश चांगलंच होतं. पण तू एकदा डोक्यात घेतलंस की घेतलंस. लायब्ररीतल्या शनिवारच्या क्लासला मलाही फरपटत नेलंस. का, तर एकटीने चुकायला लाज वाटते.

आणि तिथे तुला तुझा खेळ सापडला. आपल्या शब्दकोशात शब्द शोधायचा तर उच्चार माहीत असला की झालं. त्यांच्याकडे ज्याचा उच्चारच माहीत नाही असं अक्षर शोधायचं असतं. म्हणून अक्षराचा एक ठरलेला तुकडा पकडायचा आणि कोशात त्या तुकड्याच्या पानावर जायचं. पाण्याचा तुकडा असेल तर पाण्याच्या घरात, झाडाचा असेल तर झाडाच्या. क्लासच्या बाई त्या तुकड्याला रॅडिकल म्हणायच्या. तू माझ्या कानात म्हणालीस, 'रॅडिकल कसलं, माहेर आहे ते. अक्षराचं माहेर शोधायचं.' तेव्हापासून मला चैन नव्हतं. चायनीज हॉटेलच्या पाट्यांचे फोटो पाठवायचीस, खाली लिहायचीस, याचं माहेर सांग. मी भाजी फोडणीला टाकलेली असायची, पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

दाराच्या अक्षरांवरून तर तू मला किती बोललीस. दाराच्या चौकटीत तोंड काढलं की 'विचारणे'. चौकटीत कान काढला की 'ऐकणे'. मी दोन्ही वेळा दाराचं पान उघडायची, कारण डोळ्यांत दारच भरतं. तू म्हणायचीस, 'चुकलीस. दार नुसतं उच्चारापुरतं आहे गं. आत कोण बसलंय ते बघ.' क्लासच्या नव्या पुस्तकात ती दोन्ही अक्षरं सरळ दाराखाली घातली होती, सोपं पडावं म्हणून. तू बाईंशी तावातावाने भांडलीस. केविनच्या वडिलांनी, म्हणजे आपल्या थोरल्या चेननी, त्यांचा जुना कोश आणून दाखवला. त्यात तोंडवालं तोंडाखाली होतं आणि कानवालं कानाखाली. तू तो कोश असा मांडीवर घेतलास जसा काही तूच लिहिलायस.

पण ताई, गोंधळ इथेच आहे. कान दोन आहेत.

थोरले चेन पहिल्यांदा तुझ्याकडे जेवायला आले तो दिवस आठव. इराने ओळख करून दिली, त्यांनी मान लवून सांगितलं, 'आय ॲम इअर-ईस्ट चेन.' आपण दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मग केविनने समजावलं की चेन म्हणजे कोणतं अक्षर हे सांगायला त्यांच्यात असंच म्हणतात, डावीकडे कान आणि उजवीकडे पूर्व दिशा, तो चेन. झालं. मी त्याच दिवसापासून त्या घराचं नाव 'कानवाले' ठेवलं. कानवाल्यांकडे जायचंय का, कानवाल्यांनी डंपलिंग पाठवलेत, असं. तुझा मात्र जळफळाट. 'सुमे, तो कान नाहीये. दिसतो कानासारखा. डावीकडे असला की तो डोंगर असतो आणि उजवीकडे असला की गाव. यांचा डावीकडे आहे. डोंगर म्हण.' दगडमातीत आयुष्य काढलेली बाई तू, जावयाच्या आडनावात डोंगर निघाल्याचा तुला कोण आनंद झाला होता. ते थोरल्या चेननाही तू ऐकवलंस. माणूस जन्मभर कान-पूर्व म्हणत आलेला, बिचारा हसला आणि मान डोलावली.

आता बाळाचं नाव. इरा आणि केविनने दोन्ही घरांत चालेल असं शोधून काढलं, वन. आपल्यात रान. त्यांच्यात जवळजवळ तोच उच्चार, आणि त्या उच्चाराची अक्षरं ढीगभर. इराला त्यातलं पावसाचं माहेर असलेलं आवडलं होतं, ढगांवरची नक्षी असा त्याचा अर्थ. तुला दारातल्या कानाचं हवं होतं. 'ऐकणारी. किती छान अर्थ आहे.' केविन बिचकत म्हणाला, 'आई, बट नाऊ इट मीन्स टू स्मेल.' कान काढलेला आणि अर्थ वास घेणे. मी हसून हसून लोळले, तू माझ्याशी तीन दिवस बोलली नाहीस.

तेवढ्यावर थांबलं असतं तर आज मी हे लिहीत नसते. इराचं डोहाळजेवण तू हौसेने तुझ्या घरी केलंस. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ती प्लेनोच्या तिच्या घरून चार-पाच तासांचा प्रवास करून आलेली, पाय सुजलेले. आणि तू सगळ्यांसमोर हातात ग्लास घेऊन म्हणालीस, 'आमच्या वन पेंडसेचं स्वागत.' टाळ्या पडल्या. इरा म्हणाली, 'आई, आम्ही ठरवलंय ना. चेन.' तू म्हणालीस, 'तू स्वतः पेंडसे राहिलीस की. मग तिला काय अडचण आहे?' इरा म्हणाली, 'आपण हे बोललोय. खूप वेळा बोललोय.' 'बोललो असू, पण मी हो म्हटलेलं नाही.' तेव्हा तिने हातातली बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. 'यू नेव्हर लिसन, आई. यू जस्ट नेव्हर लिसन.' आणि ती आत जाऊन फुलं काढायला लागली. बायका एकदम बासुंदी किती छान झालीय त्यावर बोलायला लागल्या.

सिंकपाशी तू मला म्हणालीस, 'सुमे, माझं नाव माझ्यापाशी संपणार.' मी म्हटलं, 'संपू दे. तुझ्या नावाला काय सोनं लागलंय? आणि ते तुझं तरी कुठे होतं, लग्नात मिळालेलं.' तू नळ बंद केलास. 'ज्याचं होतं तो अर्ध्या वाटेत गेला. पुढे सगळीकडे मीच लावलं ते. तिच्या शाळेत, बँकेत, ऑफिसात. इथल्या लोकांना धड म्हणता येत नव्हतं, पेंडीज, पेंडीज करायचे, तरी लावलं.' तरीही माझं मत तेच आहे की पोरीला तिचं ठरवू द्यायला हवं होतंस. आपलं भांडण ते हे.

त्यानंतर तुमच्या दोघींचं बोलणं म्हणजे फोनवर ओके आणि थम्ब्स अप. मग तुझा खोकला, मग छातीत पाणी, मग हॉस्पिटल. इराला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात ती बाळंत झाली. आईला शेवटचं तिने माझ्या फोनवर पाहिलं, मी फोन धरून उभी होते, पण त्या नळ्यांमधून तिला धड काही दिसलंही नसेल.

तुझा मेसेज मी तिला ऐकवला. तिने तो पुन्हा पुन्हा ऐकला, आणि मग फोनवर विचारलं, 'मावशी, विच इअर?'

तिच्या मनात काय आहे ते मला लगेच कळलं. कानवालं म्हणजे कानवाल्यांचं आडनाव. म्हणजे आईने चेनला हो म्हटलं, जाता जाता भांडण मिटवलं. तिला तेच हवं होतं गं. पण माझ्या मनात दुसरं येत होतं. तू डोंगराला कधी कान म्हणणार नाहीस. तुझ्या लेखी कान एकच, दारातला. म्हणजे तू हो वगैरे काही म्हटलं नाहीस, मास्कमधूनसुद्धा तू तुझंच घोडं पुढे दामटत होतीस, की पावसाचं नको, कानाचं ठेवा. आडनावाबद्दल चकार शब्द नाही.

आणि पुन्हा वाटायचं, ताई बोलत कुणाशी होती? माझ्याशी. धाप लागलेली असताना ती माझा शब्द वापरणार की तिचा? मला चटकन कळावं म्हणून तू 'कानवाले' हा माझा वात्रट शब्द उचलला असशील का? व्याकरण लावून पाहिलं. अक्षर नपुंसकलिंगी, आडनावही नपुंसकलिंगी, नावही तेच. कानवालं सगळ्यांना लागू पडतं. मराठीने इतका दगा मला आयुष्यात दिला नव्हता.

सुतकात बारसं करावं की नाही यावर भारतातून फोन आले. मी म्हटलं, तुम्ही खुशाल ठरवा, मला मात्र कळवू नका. काल सकाळी निघून प्लेनोला पोचले. इराने दार उघडलं, खांद्यावर बाळ. तुझी हनुवटी आहे, ताई. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, 'मावशी, यू हॅव टू टेल मी.' आत जेवणाच्या टेबलाशी थोरले चेन बसले होते. समोर कापडावर बोटभर उंचीचा दगड, बाजूला छिन्नीसारखी बारीक हत्यारं. नातीच्या नावाचा शिक्का ते स्वतःच्या हाताने कोरणार होते, बारशाच्या आधी. तू असतीस तर आधी दगड कोणता हे विचारलं असतंस. त्यांनी शिसपेन्सिलने आखणी केली होती, अक्षरांच्या जागा मात्र कोऱ्या.

इराने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. 'आई हो म्हणाली होती का? केविनच्या बाबांना मी काहीही सांगेन, पण मला खरं कळू दे. शी सेड येस, राइट?'

ताई, सांगता आलं असतं. एक 'हो' म्हटलं असतं की पोरीची छाती हलकी झाली असती. तू काही उठून येणार नव्हतीस. माझ्या जिभेवर आला होता तो हो. पण तुझाच आवाज मध्ये आला, तो कान नाहीये सुमे, दिसतो कानासारखा. मी म्हटलं, 'इरा, मला माहीत नाही. आडनावाचा म्हणाली असेल. अक्षराचाही म्हणाली असेल. मी तिला विचारलं, पण ती तेव्हा झोपेत होती.'

'यू मस्ट हॅव अ गेस.'

'आहे. मला वाटतं, ती अक्षराबद्दल बोलत होती. तुझ्या आईला ओळखते मी.'

ती भिंतीला टेकली. 'म्हणजे शेवटपर्यंत तेच. शेवटपर्यंत ऐकलंच नाही तिने.' बाळ कुरकुरायला लागलं तशी ती त्याला जोरजोरात थोपटायला लागली. मी म्हटलं, 'अगं हळू.' ती माझ्यावर ओरडली, 'डोन्ट. तूही तिच्यासारखीच आहेस. एक खोटं बोलता आलं नाही तुला माझ्यासाठी?' मला रडू येत होतं आणि तुझा भयंकर राग येत होता. तासाभराची शुद्ध आणखी राहिली असती तुला, एक फोन तिला करता आला असता, एक वाक्य. माझ्याकडे निरोप कशाला ठेवलास?

खरं तर तोही राग तितका खरा नाही. तुझी हिंमत झाली नसेल. तिने फोन उचलला नसता तर, ही भीती असेल. तू घाबरतेस हे आम्हाला कधी कळू दिलं नाहीस, मग आम्ही तरी काय करणार होतो.

दारावर टकटक झाली. थोरले चेन होते, हातात कागद. सगळं ऐकलं असणार त्यांनी, या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. कागदावर त्यांनी ब्रशने मोठी दोन अक्षरं काढली होती. इंग्लिशमध्ये सावकाश म्हणाले, 'हे चेन. हा कान. तुझी आई म्हणाली होती, हा डोंगर आहे, ठीक, डोंगर. आणि हे वन. हा दुसरा कान. हा खरा.' मग कागद त्यांनी पलंगावर ठेवला. 'दोन्हीत आहे. ती कुठलाही म्हणाली असेल, इथे आहे.'

इराने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, 'बाबा, इट मीन्स स्मेल. तिला शाळेत मुलं चिडवतील.'

ते बाळाकडे बघून म्हणाले, 'आत्ता ती दुसरं काय करतेय?' बाळ खरंच इराच्या गळ्यापाशी नाक खुपसून हुंगत होतं, दूध शोधत. 'डोळ्यांनी नंतर ओळखतात. आई आधी वासानेच कळते.'

इरा तिथेच पलंगावर बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली, केविन नंतर म्हणाला. मी बाळ घेतलं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि सासऱ्यांना म्हणाली, 'ओके. हेच कोरा.' पावसाचं अक्षर गेलं. चेन राहिलं, कारण ते तिचं ठरलेलं होतं आणि ती तुझीच लेक आहे. तिने तुझं ऐकलं की तू तिचं, याचा निकाल लागला नाही. तो आता लागायचा नाही.

थोरल्या चेनचं कोरणं मी शेजारी बसून बघितलं. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं, म्हणून दगडावर तो डोंगर उजवीकडे आला. मी म्हटलं, 'माझी बहीण म्हणाली असती, आता हे गाव झालं.' ते म्हणाले, 'येस. ॲन्ड शी वुड बी राइट.' मग कागदावर ठसा उमटवला आणि डोंगर आपल्या जागी गेला. ताई, या माणसाशी बोलायला तू चायनीज शिकलीस ते बरं केलंस. मी तुला वेड्यात काढलं होतं.

आज दुपारी बारसं झालं. केविनने पाळणा आणून जोडला होता, त्याला तुझी जुनी ओढणी दोरी म्हणून बांधली. केविनला बहीण नाही, तेव्हा आत्याचा मान माझ्याकडे आला. केविनच्या मित्रांना कुर्रर्र म्हणजे काय ते समजावून सांगेपर्यंत माझी दमछाक झाली. मी पाळण्यावर वाकले. बाळ कुशीवर झोपलं होतं, एक कान वर, एक उशीत दडलेला. मी इराकडे बघितलं आणि विचारलं, 'कोणता कान?'

ती म्हणाली, 'बोथ, मावशी.'

मी वरच्या कानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं, वन चेन. टाळ्या पडल्या. मग बाळाला हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं, तोंड अगदी जवळ नेलं आणि त्या कानात तेच नाव सांगून पुढे आणखी एक शब्द जोडला, तुझा. इथल्या लोकांना म्हणता येत नाही तो. मी धड म्हटला.

इरा पाळण्याला लागूनच उभी होती. तिला ऐकू गेलं. तिने दोरी हातात घेतली आणि पाळणा हलवायला लागली.